मुरूम मुरूमच राहू द्या

पाटाच्या भरावावरचा मुरमाचा रस्ता काँक्रीट करायचा, असा ठराव आमच्या ग्रामसभेत तीनदा आला आणि तिन्ही वेळा मी त्याला आडवा गेलो. पहिल्या वेळी लोक हसले. दुसऱ्या वेळी मागून एक जण बोलला, "दादांना विकास डोळ्यानं दिसत नाही, चष्मा बदला." तिसऱ्या वेळी मात्र गंमत झाली. शहरातले दोन पाहुणे आले होते, त्यांनीही काँक्रीटला विरोध केला. मला वाटलं, चला, सोबत मिळाली. मग त्यांनी आपली फाईल उघडली. तिच्यात पाटाच्या वाटेवर लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक, दोन्ही टोकांना लोखंडी फाटक, फाटकाशी तिकिटाची टपरी, आणि पाण्याकडं तोंड करून फोटो काढायला एक मोठं बदामाच्या आकाराचं काहीतरी. वर नाव लिहिलेलं, सायकल ट्रॅक. मी त्यांनाही आडवा गेलो. सभा संपल्यावर सरपंच म्हणाला, "दादा, तुमचं नेमकं म्हणणं तरी काय?"

ते एकदा कागदावर मांडावं म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी जागा सांगतो. नाहीतर पुण्या-मुंबईच्या वाचकाला वाटेल, हा म्हातारा कुठल्यातरी घाटातली गोष्ट सांगू राहिला. आमच्याकडं घाट नाही, डोंगर नाही, नाव घ्यावं असं टेकाड नाही. निफाड तालुक्याचा हा खालचा भाग म्हणजे पोळपाट. गोदावरी नाशकाहून उतरत येते, कादवा तिला येऊन मिळते आणि मिळाल्याबरोबर दोघींच्या पुढ्यात नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा उभा. इंग्रजी अमदानीतला. त्याच्या डाव्या-उजव्या अंगानं निघालेले पाट कोपरगाव-राहात्याकडं जातात. पुढं जलद कालवा काढला, तो वैजापूर-गंगापूरला पाणी नेतो. बंधाऱ्याच्या मागं शंभर वर्षं गाळ बसत आला. त्यामुळं फुगवटा खोल राहिला नाही. कुठं गुडघाभर पाणी, कुठं कमरेइतकं, मधी गाळाची बेटं, काठाला लव्हाळा आणि पाणकणीस. इंजिनियरच्या हिशेबानं हा बंधारा गाळानं खाल्ला. पाखरांच्या हिशेबानं तो आत्ता कुठं कामाचा झाला. १९८६ साली इथं पक्षी अभयारण्य जाहीर झालं. २०२० च्या जानेवारीत रामसरच्या यादीत नाव आल्याचं पेपरात वाचलं, महाराष्ट्रातलं पहिलं. अडीचशेच्या वर जातींची पाखरं इथं नोंदवली गेली आहेत. मला त्यातली तीसेक ओळखता येतात. थापट्या, तलवार बदक, चित्रबलाक, मोर शराटी, थंडीत येणारे क्रौंच. आणि काळ्या अंगाचा, कपाळाला पांढरा टिळा लावलेला वारकरी, त्याला पुस्तकात चांदवा म्हणतात.

ह्या पाण्याच्या भोवती वाटांचं जाळं आहे. पाटाच्या भरावावर कालव्याच्या तपासणीसाठी ठेवलेली वाट. कागदोपत्री तिला सेवा रस्ता म्हणतात, आम्ही पाटाची वाट म्हणतो. तिला येऊन मिळणाऱ्या पाणंदी. दोन गावांच्या हद्दीवरून जाणारे शिवरस्ते. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की गाळपेरीला जाणाऱ्या कच्च्या गाडीवाटा. सगळं सपाट. सकाळी निघालं तर दुपारपर्यंत चढ लागायचा नाही आणि डांबरही फारसं लागायचं नाही.

नेमकी हीच गोष्ट शहरातल्या सायकलवाल्यांना कळली आणि आमच्या पाटाला चांगले दिवस आले म्हणा किंवा साडेसाती लागली म्हणा.

नाशकात सायकलीचं वेड तसं आधीपासून. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन ह्या भावांनी २०१५ साली दोघांत मिळून अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत पुरी केली, तेव्हा आमच्या पारावरही त्याची चर्चा झाली होती. पण ते सगळे डांबरावरचे गडी. आमच्याकडं येतात त्यांची सायकल निराळी. हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं, टायर चाळीस मिलीमीटर रुंद, त्याला खवले, आणि हवा मुद्दाम कमी भरलेली. त्यांनी मला तिचं नाव सांगितलं, ग्रॅव्हल बाईक. म्हणजे खडी-मुरमाची सायकल. मी विचारलं, केवढ्याला? तो पोरगा जरा लाजला आणि म्हणाला, "काका, लाखाच्या वर गेली." मी सायकलीकडं पाहिलं. कॅरियर नाही, मडगार्ड नाही, स्टँड नाही, घंटी नाही. दुधाचं एक भांडं अडकवायची सोय नाही. आमच्या वडलांच्या काळ्या बावीस इंची सायकलीवर दोन्हीकडं दुधाच्या किटल्या, मागं सरकीच्या पेंडेचं पोतं आणि दांड्यावर मी, एवढं ओझं ह्याच मुरमावरून जायचं. दहावीपर्यंतची शाळा मी ह्याच वाटेनं केली. तेव्हा ह्याला कुणी ग्रॅव्हल म्हणत नव्हतं. पंक्चर म्हणायचे.

असो. टिंगल पुरे. आता त्यांची बाजू सांगतो, कारण आमच्या गावातले बरेच जण त्यांना उगाच शिव्या घालतात.

सायकलवाला धुरळा उडवत नाही. द्राक्षवाल्यालाच ह्याचं मोल कळेल. ऑक्टोबरात छाटणी झाली की पुढं जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत बाग म्हणजे तान्हं पोर. रस्त्याकडच्या चार ओळींवर मुरमाचा धुरळा बसला की पानाचं काम मंदावतं, त्या धुळकट पानावर लाल कोळी माजतो, आणि घडावर धूळ बसली की व्यापारी त्या ओळींकडं बोट दाखवून सगळ्या बागेचा भाव पाडतो. ही धूळ सायकलीची नसते. ती असते रविवारच्या मोठ्या गाड्यांची. काचा वर करून, आत गाणी लावून, ताशी साठच्या वेगानं पाटाच्या वाटेनं पळणाऱ्या. सायकलवाला माझ्या बागेजवळून गेला तर कुत्रंसुद्धा भुंकायचा कंटाळा करतं. पाखरांचंही तसंच. गाडीचं दार धाडकन लावलं की फुगवट्यावरचे हजार थापटे एकदम उठतात, आणि उठलं की पुन्हा बसेपर्यंत त्यांचं खाणं बंद. सायकल बाजूनं गेली तर वारकरी मान वर करतो आणि परत पाण्यात घालतो. मी रोज बघतो म्हणून सांगतो.

तेव्हा गावाला माझं पहिलं सांगणं, सायकलवाल्याला हाकलू नका. हाकलायचंच असेल तर ज्याच्यासाठी काँक्रीट मागता आहात, त्या गाडीला हाकला.

आता काँक्रीट. ह्याच्यावर जरा सविस्तर बोलतो, कारण खरं दुखणं इथं आहे.

आमची जमीन काळी. काळी जमीन म्हणजे जित्राब. पाणी प्यालं की फुगतं, उन्हाळ्यात भेगाळतं. एवढी भेग की बैलाचा खूर अडकावा. अशा जमिनीवर डांबर अंथरलं तर दुसऱ्या पावसाळ्यात त्याला लाटा येतात आणि तिसऱ्यात खड्डे. काँक्रीट जरा जास्त टिकतं हे मान्य. पण टिकतं म्हणूनच ते जास्त वाईट. डांबर फुटलं तर पाणी वाट काढतं. काँक्रीट पाण्यापुढं बांध होऊन बसतं. सपाट मुलखात पाणी धावत नाही, सरकत असतं. वीतभर उतारावर ते सगळ्या शिवारातून हळूहळू नदीकडं जातं. त्याच्या आडवी दीड वीत उंच भिंत घातली, खाली मोऱ्या ठेवल्या नाहीत किंवा ठेवल्या त्या नळकांड्याएवढ्या, की वरच्या अंगाच्या रानात पाणी तटतं. दोन-तीन वर्षांत ते रान चिबड होतं. वर पांढरी फुलते. मग तिथं ऊससुद्धा पिवळा पडतो, द्राक्षाचं नाव काढू नका. पाटाच्या पाझरानं आमच्याकडची कितीतरी जमीन आधीच चिबड झालेली आहे. म्हाताऱ्या माणसांना विचारा, कुठल्या गटात कधीकाळी बाजरी डोक्याएवढी व्हायची आणि आता काय उगवतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्याच शिवारात एका पाणंदीचं काँक्रीट झालं. ठेकेदाराचं नाव घेत नाही, साहेबाचंही नाही. नकाशात तीन मोऱ्या होत्या, रस्त्यात एक आली. २०१९ च्या ऑगस्टात गोदावरीला तो मोठा पूर आला, सायखेडा-चांदोरी पाण्यात गेलं, बंधाऱ्यावरून दोन लाख क्युसेकच्या पुढं पाणी सुटलं. पूर सगळ्यांनाच आला होता, त्याची तक्रार नाही. पूर ओसरला तेव्हा रस्त्याच्या खालच्या अंगाची रानं आठ दिवसांत उघडी पडली, आणि वरच्या अंगाचं माझ्या चुलतभावाचं रान महिनाभर तळं होऊन राहिलं. दोन एकर बाग, सहा वर्षांची, मुळं कुजून गेली. त्यानं अर्ज केले. एका कचेरीत सांगितलं, रस्ता आमच्याकडं नाही. दुसरीत सांगितलं, मोजमाप पुस्तकात तीन मोऱ्या लिहिल्या आहेत म्हणजे तीन आहेत. तो म्हणाला, चला, दाखवतो. कोणी आलं नाही. शेवटी त्यानं बागेच्या तारा आणि अँगल विकले. त्या रस्त्यावरून आज तो ट्रॅक्टर घेऊन जातो आणि लोक म्हणतात, बघा, रस्ता किती भारी झाला.

मुरमाचं तसं नाही. मुरूम पाणी पितो, जिरवतो, सोडतो. पण मुरूम म्हणजे नुसता टिप्पर उलथा केला आणि फोटो काढला, असं नव्हे. आमच्याकडं मुरमाच्या रस्त्याला जी नावं ठेवतात, ती खरं म्हणजे न केलेल्या रस्त्याला ठेवतात. मुरूम निवडून आणावा लागतो. त्यात माती जास्त असली की पहिल्या पावसात साबण होतो, माती अजिबात नसली की बांधून राहत नाही आणि उन्हाळ्यात उडतो. पसरून पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, पुन्हा थर, पुन्हा पाणी, पुन्हा रोलर. मध्यभाग उंच, दोन्ही अंगाला उतार. बाजूला चर. चर दरवर्षी मृगाच्या आधी उपसायचा. ऊसतोडीचा हंगाम सरला की चाकोऱ्या भरून घ्यायच्या. एवढं केलं तर मुरमाचा रस्ता पिढ्यान् पिढ्या चालतो. पाटाच्या वाटेचे काही तुकडे तसे चाललेलेच आहेत. पूर्वी पाटकरी आणि त्याच्या हाताखालचे मजूर फावडं घेऊन हे करायचे. ती माणसं निवृत्त झाली, जागा भरल्या नाहीत, आणि वाट बिघडली. बिघडली म्हणून काँक्रीट मागायचं. बैलाला चारा घालायचा नाही, मग बैल बसला म्हणून ट्रॅक्टरचं कर्ज काढायचं, त्यातलाच हा प्रकार.

देखभालीत कुणाला रस नसण्याचं कारणही सगळ्यांना ठाऊक आहे. चार मजुरांच्या आठ दिवसांच्या रोजातून किती उरणार? काँक्रीटच्या किलोमीटरमधून बरंच उरतं. ह्यावर जास्त लिहीत नाही.

गावातली एक बाई मला सभेत म्हणाली, "दादा, तुमचं घर गावात आहे. आम्ही वस्तीवर राहतो. पावसाळ्यात रात्री पोरगी अडली तर चिखलातून खाटेवर घालून न्यायची का?" हा प्रश्न खरा आहे आणि ह्याला टाळून माझं म्हणणं पुढं जात नाही. तिला मी सांगितलं तेच इथं सांगतो. वस्तीपासून गावापर्यंत आणि गावापासून हमरस्त्यापर्यंत पक्का रस्ता झालाच पाहिजे, मोऱ्यांसकट झाला पाहिजे, आणि त्यासाठी मी तुझ्याबरोबर उपोषणाला बसतो. शाळेचा, दवाखान्याचा, दुधाचा रस्ता एक. पाटाची वाट दुसरी. पाटाच्या वाटेवर वस्त्या नाहीत. एका बाजूला पाट, एका बाजूला रानं आणि पुढं फुगवटा. तिथं काँक्रीट कोण मागतं, ते बघ. ज्यांनी फुगवट्याच्या काठाला प्लॉट घेऊन ठेवलेत आणि हॉटेलाचं दार कुठं काढायचं ते ठरवलंय, ते मागतात. तुझ्या लेकीचं नाव पुढं करतात आणि रस्ता आपल्या फाटकाशी नेतात. वस्तीचा रस्ता किती वर्षं नुसत्या कागदावर आहे, विचार त्यांना.

ती काही बोलली नाही. पटलं का नाही, ते मला माहीत नाही. पण पुढच्या ठरावावर तिनं अंगठा द्यायचं थांबवलं एवढं खरं.

आता वळतो पेव्हर ब्लॉकवाल्यांकडं.

त्यांची भाषा गोड असते. "निसर्गाला धक्का न लावता," "स्थानिकांना रोजगार," "होम स्टे." मी विचारलं, ट्रॅकला फाटक लावल्यावर माझी बैलगाडी कुठून जाणार? म्हणाले, तुम्हाला पास देऊ. ऐका. माझ्या बापाच्या, आज्याच्या वाटेवर मला पास! उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रेलर मागं, पेव्हर ब्लॉकवरून चालतो का? एका हंगामात ब्लॉकाच्या बत्तीशीचा चुरा होईल. मग दुसऱ्या वर्षी पाटी लागेल, जड वाहनांस मनाई. तिसऱ्या वर्षी नुसती वाहनांस मनाई. चौथ्या वर्षी जनावरांस. मी काही ज्योतिषी नाही, पण वाट कशी जाते ते मी पाहिलंय. वाट एकदम जात नाही. आधी तिचं नाव बदलतं.

शहरातल्या वाचकाला ह्यातली भीती कळायची नाही, म्हणून सांगतो. गावात खून पडतात ते बहुतेक बांधावरून आणि वाटेवरून. सातबाऱ्यावर जमीन असून तिच्यात जाता येत नाही, असे शेतकरी प्रत्येक गावात सापडतील. पाणंद नकाशावर असते, जागेवर नसते. दोन्ही बाजूच्यांनी एक-एक तास नांगरत-नांगरत तिची पायवाट केलेली असते. कायदा आहे. मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ चा. त्याच्या कलम ५ खाली तहसीलदार अडवलेली वाट मोकळी करून देऊ शकतो. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. महसूल अधिनियम १९६६ चं कलम १४३ आहे, त्याखाली बांधावरून रस्ता मागता येतो. दोन्ही मी वापरलेत, माझ्यासाठी आणि दुसऱ्यांसाठी. तारखा पडतात, स्थळपाहणी होते, निकाल लागतो, मग अपील. तोवर उसाला तोड येऊन जाते आणि ऊस रानात वाळतो. आता विचार करा, पाटाची वाट आमच्या कुणाच्याच सातबाऱ्यावर नाही. ती पाटबंधाऱ्याची. आमचा तिच्यावर हक्क काय, तर वहिवाट. आमच्या गाड्यांच्या चाकोऱ्या हीच आमची सही. ती सही पेव्हर ब्लॉकच्या खाली गेली, वर ट्रॅक अशी पाटी लागली, फाटकाला ठेकेदाराचा माणूस बसला, की उद्या तहसीलदारापुढं मी काय दाखवणार?

माझा नातू शहरात शिकतो. त्यानं फोनमधून एक गोष्ट काढून दिली, ती मला फार कामाची वाटली. इटलीत तस्कनी म्हणून मुलूख आहे. तिथं कियांती नावाचा भाग, आमच्यासारखाच द्राक्षाचा, फक्त चढउताराचा. तिथल्या रानांतून पांढऱ्या खडीचे कच्चे रस्ते जातात. पांढरे रस्ते असंच त्यांचं नाव. हे रस्ते एकेक करून डांबराखाली जायला लागले, तेव्हा तिथल्या काही लोकांनी १९९७ साली जुन्या सायकलींची एक फेरी काढली, हे रस्ते राहावेत म्हणून. गायोले नावाच्या छोट्या गावातून. तिचं नाव लेरोइका. आज तिथं जगभरातून हजारो माणसं जुन्या सायकली घेऊन येतात. २००७ पासून त्याच पांढऱ्या रस्त्यांवर मोठ्या व्यावसायिक सायकलपटूंची शर्यतही होते, आणि ती टीव्हीवर बघायला लोक बसतात. कशाला बघतात? धुळीला! फाटक नाही, ब्लॉक नाही, बदामाचा आकार नाही. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर त्याच रस्त्यानं बागेत जातो आणि शर्यतीच्या दिवशी थोडा थांबतो. मुरूम राहिला म्हणून सायकल आली, आणि सायकल आली म्हणून मुरूम राहिला. आमच्याकडं मात्र दोन्ही पक्षांना मुरूम झाकायचीच घाई.

तेव्हा सायकलवाल्यांनो, तुमच्याशी आता सरळ बोलतो. वर तुमची बाजू घेतली, म्हणून गैरसमज नको.

तुम्ही ज्या शहरातून येता, त्याचं सांडपाणी गोदावरीतून आमच्याकडंच येतं. त्या पाण्यावर पानवेल माजते. सायखेड्याच्या पुलाला ती अडकली की पुराला तुंब बसतो आणि आमच्या घरात पाणी शिरतं. तुम्ही रविवारी येऊन म्हणता, "वा, किती स्वच्छ हवा!" हवा आहे स्वच्छ. पाण्याचं काय? तुमच्या महापालिकेपुढं ह्यासाठी एकदा तरी सायकली लावल्यात का?

पावसाळ्यात ओल्या मुरमावर येता. चिखल उडालेले फोटो चांगले येतात म्हणे. ओला मुरूम म्हणजे ओली बाळंतीण, तिला विश्रांती लागते. तुमच्या वीस सायकली एका रांगेत गेल्या की वाटेच्या मधोमध एक नाली पडते, पुढच्या सरीचं पाणी त्याच नालीतून धावतं आणि आठ दिवसांत ती चर होते. जून ते सप्टेंबर पाटाच्या वाटेवर येऊ नका. दिवाळीनंतर या, पाखरंही तेव्हाच येतात.

कानात बोंडं घालून येऊ नका. मागून उसाची गाडी येतेय, बैल बुजतोय, गाडीवान ओरडतोय, आणि तुम्ही आपल्या तंद्रीत. भरल्या गाडीला मुरमावर थांबवून पुन्हा हलवायचं म्हणजे बैलाच्या गुडघ्यांचं काय होतं, ते तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही उतरा, सायकल बाजूला घ्या. ती आठ-दहा किलोची असेल. त्याची दोन टन.

आणि बिबट्या. ही काही भीती घालायची गोष्ट नव्हे. आमच्या उसात बिबट्या राहतो, त्याची पिल्लं तोडीत सापडतात. पहाटे साडेपाचला, निफाडच्या थंडीत, डोक्यावर दिवा बांधून उसाच्या कडेनं वाकून जाणारी आकृती त्याला माणसासारखी दिसत नाही. रात्रीची वीज आल्यावर पाणी भरायला आम्ही नाइलाजानं जातो. तुम्हाला नाइलाज नाही. उजाडल्यावर या.

वाटेत कुणाच्या ओट्यावर बसून चहा पिता, ते चांगलं. पैसे विचारले तर माऊली नको म्हणेल. मग शेरभर तूर घ्या, कांदा घ्या, बेदाणा घ्या. पण द्राक्षाचा घड तोडून फोटो काढू नका. औषध मारलेलं असतं, आणि औषध नसलं तरी तो माझा असतो.

एवढं सगळं तुम्ही ऐकलंत, तर मी तुमच्याकडं एक काम मागणार आहे. तुम्ही शिकलेले आहात, तुमच्यात डॉक्टर आहेत, वकील आहेत, इंजिनियर आहेत. आमच्या अर्जावर साहेब चहाचा कप ठेवतो. तुमच्या अर्जावर ठेवणार नाही. तुमच्या फोनमध्ये ह्या वाटांचे नकाशे तयार आहेत, कुठल्या तारखेला कुठून गेलात त्याची नोंद आहे. माझ्या माहितीत पाणंदींची एवढी ताजी मोजणी तलाठ्याकडंही नाही. कुठली पाणंद कुठं नांगरली गेली, कुठली मोरी बुजली, हे तुम्हाला दर रविवारी दिसतं. ते लिहून तहसीलला द्या. मुरूम, पाणी, रोलर, चर, ह्याच्या देखभालीचा खर्च दरवर्षी अंदाजपत्रकात धरा, असं पाटबंधारे खात्याला लिहा. आम्ही लिहिलं तर ते कुरकुर समजतात.

पुढची ग्रामसभा २६ जानेवारीला आहे. काँक्रीटचा ठराव चौथ्यांदा येणार, असं कानावर आहे, आणि ट्रॅकवाल्यांची फाईलही जाड झाली आहे म्हणे. मी माझा ठराव लिहून ठेवलाय. पाटाच्या वाटेवर दरवर्षी दिवाळीच्या आत मुरूम, पाणी आणि रोलर. चर उपसणं मे महिन्यात, रोजगार हमीतून. वाटेच्या दोन्ही तोंडांना दगडी खांब रोवायचे, त्यांच्यामधून बैलगाडी आणि ट्रॅक्टर जाईल एवढी जागा ठेवायची, आणि रविवारच्या गाड्यांना तिथंच उतरून चालत यायला सांगायचं. वस्तीचा रस्ता पक्का, आधी तो, मग बाकीचं. आणि त्या काँक्रीटच्या पाणंदीला राहिलेल्या दोन मोऱ्या, रस्ता फोडून, नऊशे मिलीमीटरचा पाईप टाकून, माझ्या चुलतभावाच्या समक्ष.